लाल दिवा लागलाय, पण कोणता? घरच्या इंटरनेट डब्याचे दिवे वाचण्याची रीत

"नेट चालंना झालंय, लाल दिवा लुकलुकलालाय बघा." जुळे सोलापूर असो, विडी घरकुल असो की अक्कलकोट रोड, फोन कुठूनही आला तरी पहिलं वाक्य हेच असायचं. सोलापुरातल्या एका इंटरनेट पुरवठादाराकडे मी सहा वर्षं तक्रारींचे फोन घेतले. या वाक्यावर माझा ठरलेला प्रश्न असे, "कोणता दिवा? त्याच्याखाली काय लिहिलंय?" आणि पलीकडे शांतता. मग "थांबा, मुलाला बोलावते", "चष्मा आणतो", "डबा माळ्यावर आहे हो, स्टूल घ्यावं लागेल".

त्या स्टुलावर चढून जे वाचलं जायचं त्यावर पुढचं सगळं ठरायचं. कुणी शिडी आणि जोडणीचं मशीन घेऊन जायचं, कुणी नुसता अ‍ॅडॅप्टर घेऊन जायचं, की कुणी जायची गरजच नाही. दिवा चुकीचा सांगितला गेला की माणूस शिडीशिवाय पोचायचा, वायर तपासायचा, "तार खांबावर तुटलीय, उद्या येतो" म्हणून परत फिरायचा. ज्या घरात त्या रात्री प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, किंवा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून चालू असतं, तिथे हा एक दिवस फार मोठा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. दिवे वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. कोणता आधी बघायचा आणि कोणता नंतर, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी चांगल्या दिवशीचा फोटो

आज नेट नीट चालू असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डब्यासमोर जाऊन दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण कोणता दिवा स्थिर आहे आणि कोणता लुकलुकतोय हे फोटोत कळत नाही. डबा उलटा करून खालच्या स्टिकरचाही फोटो घ्या. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि वायफायचा मूळ पासवर्ड असतो. तो पासवर्ड दिसतो म्हणून हा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका, घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये राहू द्या.

याचं कारण सरळ आहे. प्रत्येक कंपनीच्या डब्यावर दिव्यांची नावं, रंग आणि क्रम थोडे वेगळे असतात. एका घरी इंटरनेटचा दिवा कायम बंद असूनही नेट धो धो चालतं, तर दुसऱ्या घरी तोच दिवा बंद म्हणजे बिघाड. (हे का होतं ते पुढे येईल.) तुमच्या घरी 'सगळं ठीक' कसं दिसतं याचा पुरावा तुमच्याकडेच हवा. नेट गेल्यावर हा फोटो काढता येत नाही.

तुमच्या घरात कोणता डबा आहे?

सोलापूर शहरात आता बहुतेक ठिकाणी फायबर आहे. खांबावरून किंवा गच्चीवरून बारीक काळी तार येते, तिच्या आतून केसासारखी काच येते आणि डब्याच्या मागे हिरव्या टोकाच्या चौकोनी पिनेत संपते. ती पिन ज्या डब्यात जाते त्याला लाइनमन ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच घरी तोच वायफायही देतो. काही घरी मात्र डबे दोन असतात: पहिला फायबरचा, दुसरा वायफायचा राउटर, आणि मध्ये जाड निळी, पांढरी किंवा पिवळी लॅन केबल. दोन डबे असतील तर दोन्हींचे दिवे बघावे लागतात. फोनवर "माझ्या राउटरवर लाल दिवा आहे" असं सांगताना लोक बहुतेकदा फायबरच्या डब्याबद्दल बोलत असतात. एवढा फरक सांगितला तरी समोरच्याचं अर्धं काम होतं.

जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं नेट आणि गच्चीवर अँटेना लावून हवेतून येणारं नेट यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

आता क्रम. नेट ज्या वाटेने घरात येतं त्याच वाटेने दिवे वाचायचे: आधी वीज, मग काचेतून येणारा प्रकाश, मग नोंदणी, मग लॉगिन, मग वायर, सगळ्यात शेवटी वायफाय. आधीची पायरी बिघडलेली असेल तर पुढचे दिवे काय सांगतात याला अर्थ नाही. पहिल्याच दाराला कुलूप असताना आतल्या खोलीत कोण आहे हे विचारून उपयोग नसतो.

पहिली पायरी: पॉवर

एकही दिवा लागत नसेल तर आधी भिंतीवरचं बटण बघा, मग एक्स्टेन्शन बोर्डाचं, मग डब्याच्या मागचं छोटं चालू-बंद बटण. झाडताना, पुसताना हे मागचं बटण दाबलं जातं. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात अशा तक्रारी हमखास वाढायच्या. त्याच सॉकेटला फोनचा चार्जर लावून बघा. तो चालत असेल तर सॉकेट ठीक, दोष अ‍ॅडॅप्टरमध्ये किंवा डब्यात.

अ‍ॅडॅप्टर बदलताना त्यावरचं बारीक लिखाण वाचाच. 'आउटपुट'समोर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. १२ व्होल्टच्या डब्याला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला तर डबा धड चालू होत नाही, आणि ९ च्या डब्याला १२ चा लावला तर जळू शकतो. अँपिअर मात्र डब्यावर लिहिल्याएवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. घरात दोन डबे असतील तर त्यांचे अ‍ॅडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि घर रंगवून झाल्यावर अदलाबदल होते. त्यावर आजच पेनाने 'फायबर' आणि 'वायफाय' असं लिहून ठेवा.

सगळे दिवे लागतात, दोन मिनिटांनी विझतात, पुन्हा लागतात, असं चालू असेल तर डबा सारखा बंद होऊन चालू होतोय. यात दहापैकी बऱ्याच वेळा दोष थकलेल्या अ‍ॅडॅप्टरचा असतो. दिवा पेटवण्यापुरती वीज तो देतो, पण वायफाय सुरू होताना लागणारा जोर त्याला सोसत नाही. डबा जळाला असं समजून नवा डबा घेण्याआधी योग्य अ‍ॅडॅप्टर लावून बघा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा इथे विचार केलाच पाहिजे. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा शून्य ते ४० अंश असं दिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पाराच चाळिशी ओलांडतो. मग पत्र्याखालच्या खोलीत, बंद कपाटात, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर रचलेल्या डब्याची काय गत होत असेल? दुपारी दोन ते पाच नेट अडखळतं आणि रात्री आपोआप सुधारतं, अशी तक्रार असेल तर आधी डब्याला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्याला भिंतीवर मोकळ्या हवेत लावा, त्यावरचा क्रोशाचा रुमाल काढा आणि जाळ्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डबा चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सगळेच दिवे नाचतात. लाल, हिरवा, नारिंगी, काहीही दिसतं. त्या वेळी काही ठरवू नका. घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा आणि मग वाचायला सुरुवात करा.

दुसरी पायरी: एलओएस, म्हणजेच तो लाल दिवा

डब्यावर एल, ओ, एस ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. लाइनमन त्याला 'लॉस' म्हणतात. या एका दिव्याचा नियम बाकीच्यांच्या उलटा आहे. तो बंद असणं चांगलं. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकला तर अर्थ एकच: काचेतून यायला हवा तो प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, किंवा इतका मंद पोचतोय की डब्याला तो वाचता येत नाही.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. घरगुती फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत, जिला जीपॉन म्हणतात, पुरवठादाराच्या मशीनकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून परत जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही एकाच काचेतून, एकाच वेळी. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटरच्या पलीकडचं पाहू शकत नाही. म्हणून पिन उपसून "उजेड येतोय का" हे बघण्याचा उपयोग नाही, आणि ते डोळ्यांसाठी चांगलंही नाही. फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका. लहान मुलांना हे आवर्जून सांगा.

प्रकाश किती पोचतोय हे लाइनमन डीबीएम या मापात सांगतात. आकडे उणे असतात. नेहमीच्या जीपॉन डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यातला प्रकाश चालतो. उणे १८, उणे २० असा आकडा असेल तर निश्चिंत. उणे २५ म्हणजे काठावर. उणे २७ च्या खाली गेलं की लाल. या मापाची गंमत अशी की दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो. उणे २० ला प्रकाशाची शक्ती १० मायक्रोवॅट असते, तर उणे २३ ला जेमतेम ५. म्हणून "फक्त तीनचाच फरक आहे" असं कुणी म्हणालं तर तो फरक लहान समजू नका.

लाल दिवा दिसल्यावर घरच्या घरी काय बघता येतं? चारच गोष्टी, आणि त्याही डबा न उघडता.

डब्याच्या मागची हिरवी पिन पूर्ण आत बसली आहे का बघा. डबा पुसताना ती अर्धी बाहेर येते. हलक्या हाताने आत ढकला, 'टक' असा आवाज यायला हवा. त्यानंतर डब्यापासून भिंतीपर्यंतची बारीक तार नजरेने तपासा. ती कुठे घडी पडल्यासारखी मोडलीय का, टेबलाच्या पायाखाली चिरडलीय का, कपाट सरकवताना दाबली गेलीय का. तांब्याची तार घडी पडून वाकली तरी वीज नेते, काचेचं तसं नाही. तीव्र वाकली की प्रकाश त्या वळणावर बाहेर गळतो. बांगडीएवढ्या गोलाईपेक्षा घट्ट गुंडाळू नका, हा सोपा नियम. तिसरी जागा खिडकी किंवा दार, जिथून तार आत येते. सरकती खिडकी बंद करताना तार चौकटीत सापडते आणि संध्याकाळी डास येतात म्हणून खिडकी लावली की नेट जातं! असं घर मी भवानी पेठेत प्रत्यक्ष पाहिलंय. तीन वेळा डबा बदलून झाला होता. चौथी गोष्ट गच्ची आणि जिना. उंदीर आणि खारी ही तार कुरतडतात.

पिन उपसून फुंकर मारणं, साडीच्या पदराने किंवा बोटाने पुसणं, हे मात्र कटाक्षाने टाळा. प्रकाश ज्या भागातून जातो तो काचेचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा असतो. बोटाचा तेलकट ठसा त्याच्यासमोर पडद्यासारखा आहे. आणि हिरव्या पिनेच्या जागी निळी पिन लावू नका. हिरवीचं टोक आठ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेलं असतं, निळीचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश नीट जुळत नाही.

हे चारही ठीक असेल तर शेजाऱ्याला विचारा. तुमच्याच कंपनीचं नेट असलेल्या घरीही लाल दिवा असेल तर मोठी तार तुटली आहे, आणि तुमच्या घरी माणूस येऊन काही होणार नाही. काम रस्त्यावर होणार. रस्ते, ड्रेनेज, पाण्याची पाइपलाइन यासाठी कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं आणि जेसीबीला जमिनीतली काच दिसत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास उंच नंदीध्वज ज्या मार्गाने जातात तिथे लोंबणाऱ्या तारांचा प्रश्न येतोच. त्या दिवसांत शहराच्या जुन्या भागात नेट गेलं तर आधी शेजारी विचारा, मग फोन करा. उलट सगळ्यांचं चालू आहे आणि फक्त तुमच्याकडे लाल, तर दोष तुमच्या घरापर्यंतच्या शेवटच्या तारेत आहे. फोनवर हे एक वाक्य सांगितलं की योग्य माणूस योग्य ठिकाणी जातो.

वीज गेलेली असताना लाल दिवा दिसला तर थोडं थांबा. तुमचा डबा इन्व्हर्टरवर चालू आहे, पण पलीकडचं, म्हणजे पुरवठादाराचं मशीन ज्या ऑफिसात किंवा गल्लीतल्या पेटीत आहे तिथली बॅटरी संपलेली असू शकते. एका काचेतला प्रकाश अनेक घरांत वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण प्रकाश सोडणाऱ्या मशीनला लागते. ते बंद पडलं की अख्ख्या भागातल्या डब्यांवर एकाच वेळी लाल दिवे लागतात. वीज आल्यावर दहा मिनिटं द्या.

लाइनमन येऊन गेल्यावर त्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: "दादा, रीडिंग किती आलं?" तो आकडा तारखेसह डब्यावर कागदाची पट्टी लावून लिहा. पुढच्या वेळी तो उणे २० वरून उणे २५ झाला असेल तर लाल दिवा लागायच्या आधीच तार बिघडत चालली आहे हे कळेल. माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी सवय हीच.

तिसरी पायरी: पॉन

लाल दिवा बंद आहे, म्हणजे प्रकाश पोचतोय. आता पी, ओ, एन लिहिलेला दिवा. तो हिरवा आणि स्थिर हवा. स्थिर म्हणजे पलीकडच्या मशीनने तुमचा डबा ओळखला आणि आत घेतला.

तो लुकलुकत असेल तर डबा दार वाजवतोय, पण दार उघडत नाही. नव्याने बसवलेल्या डब्यात बहुधा त्याचा अनुक्रमांक नोंदवायचा राहिलेला असतो. जुन्या डब्यात प्रकाश काठावरचा असतो, किंवा पलीकडे काही काम चाललेलं असतं. इथे तुम्ही एकच करायचं: डबा बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, पाच मिनिटं वाट बघा. एकदाच. नाही झालं तर फोन करा आणि स्टिकरवरचा अनुक्रमांक वाचून दाखवा.

पॉन आणि एलओएस दोन्ही एकदम भराभर लुकलुकत असतील तर डब्यातच बिघाड असण्याची शक्यता मोठी आहे. ते तसंच सांगा, डबा बदलायची तयारी ठेवूनच माणूस येईल.

चौथी पायरी: इंटरनेट, आणि ती टाचणी

पॉन स्थिर, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद. तार ठीक आहे, डबा ठीक आहे, लॉगिन झालेलं नाही. फायबरमध्ये बरेच पुरवठादार प्रत्येक ग्राहकाला एक यूजरनेम आणि पासवर्ड देतात आणि तो डब्यात भरून ठेवतात. डबा चालू झाला की तो आपणहून लॉगिन करतो.

इथे पहिला प्रश्न रिचार्जचा. मुदत संपली की लॉगिन नाकारलं जातं आणि दिवे नेमके असेच दिसतात. पैसे भरल्यावरही दिवा लाल राहिला तर डबा एकदा बंद-चालू करा, म्हणजे तो नव्याने लॉगिन करेल. पैसे भरलेले आहेत, डबा पुन्हा सुरू करून झाला, तरीही तसंच, तर दोष पुरवठादाराकडे आहे. "पॉन हिरवा आहे, एलओएस बंद आहे, इंटरनेट लाल आहे, रिचार्ज शिल्लक आहे" असं सांगितलं की समोरचा माणूस जागेवर बसूनच तुमचं लॉगिन तपासू शकतो.

आता ती टाचणी. डब्याच्या मागे किंवा खाली एक बारीक भोक असतं, शेजारी 'रिसेट' लिहिलेलं. व्हिडिओ बघून किंवा शेजारच्या दादाच्या सल्ल्याने लोक त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबतात. याने डबा 'ताजातवाना' होत नाही. त्यात भरलेलं यूजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं. एकदा होटगी रोडवरच्या एका काकूंच्या घरी फक्त रिचार्ज संपलं होतं. भाच्याने टाचणी दाबली. पैसे भरूनही नेट येईना, कारण लॉगिनचं नावच गेलं होतं, आणि त्यात रविवार. "बाळा, मी फक्त नातवाशी व्हिडिओवर बोलते रे संध्याकाळी," असं त्या म्हणाल्या होत्या. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. पहिलं केव्हाही करा, दुसरं पुरवठादाराने फोनवर स्पष्ट सांगितल्याशिवाय करू नका. मी तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायला सांगायचो.

आणि सुरुवातीला म्हटलं ते कोडं. घरात दोन डबे असतील आणि लॉगिन वायफायच्या राउटरमध्ये भरलेलं असेल, तर फायबरच्या डब्यावरचा इंटरनेट दिवा कायम बंदच राहतो. तो डबा फक्त पूल म्हणून काम करतो, लॉगिन त्याच्या माहितीतच नसतं. अशा घरी इंटरनेटचा दिवा दुसऱ्या डब्यावर बघायचा. चांगल्या दिवशीच्या व्हिडिओचा उपयोग इथे होतो.

पाचवी पायरी: लॅन आणि वॅन

दोन डब्यांच्या घरात पहिल्या डब्याच्या लॅनमधून केबल निघते आणि राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खाचेत जाते. दोन्ही टोकांचे दिवे लागलेले हवेत. लुकलुकत असतील तर आणखी चांगलं, माहिती ये-जा करतेय. दोन्ही बंद असतील तर केबल सैल आहे, तिच्या पिनेची प्लास्टिकची जीभ तुटली आहे किंवा केबल खराब आहे. दोन्ही टोकं काढून पुन्हा लावा, मग दुसरी केबल लावून बघा. काही राउटरवर इंटरनेटचा दिवा नारिंगी होतो. याचा अर्थ केबल जोडलेली आहे, पण पुढून इंटरनेट येत नाही. मग पुन्हा पहिल्या डब्याकडे वळा आणि दुसऱ्या पायरीपासून सुरू करा.

वेगाचं एक गुपित याच खाचेत असतं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या चारच पुरतात, १००० साठी आठही लागतात. एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, फक्त शंभरवर अडकतं. तुम्ही २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलाय आणि कितीही मोजलं तरी ९४-९५ च्या पुढे जात नाही? मग केबल बदलून बघा. काही डब्यांत खाचेजवळच्या दिव्याचा रंग १०० आणि १००० ला वेगळा असतो. केबलवर 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं असू द्या.

वळवाच्या पावसात, विजा कडाडत असताना, अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण वीजजोडणीतून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून येते, विशेषतः ती गच्चीवरून ओढलेली असेल तर. अशा पावसानंतर बाकी सगळे दिवे ठीक आणि एकाच लॅनचा दिवा लागत नाही असं झालं तर ती खाच जळाली असेल. केबल शेजारच्या खाचेत लावून बघा, बऱ्याचदा काम भागतं.

सहावी पायरी: वायफाय

इथवर सगळं हिरवं असेल तर नेट घरात आलेलं आहे. आता ते तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोचत नाही एवढंच. वायफायचे दिवे बहुधा दोन असतात, २.४ आणि ५ (गिगाहर्ट्झ). दोन्ही बंद असतील तर डब्याच्या बाजूचं वायफायचं बटण चुकून दाबलं गेलंय. ते एकदा दाबा आणि मिनिटभर थांबा. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता फोन जोडायच्या बटणाचा) दिवा लुकलुकत असेल तर घाबरू नका, कुणीतरी ते बटण दाबलंय. दोनेक मिनिटांत तो आपोआप विझतो.

फोनवर वायफायचे सगळे दांडे भरलेले दिसतात आणि तरी काही उघडत नाही, तेव्हा लोक म्हणतात, "रेंज तर फुल्ल आहे!" ते दांडे फोनपासून डब्यापर्यंतचं नातं सांगतात, डब्याच्या पुढचं नाही.

जुन्या वाड्यांत भिंती जाड दगडी असतात. ५ चं वायफाय वेगवान असलं तरी अशी एक भिंतसुद्धा त्याला जड जाते. माजघरात ५ चं नाव दिसत नसेल तर डबा बिघडलेला नाही, तिथे २.४ वापरा. टीव्ही किंवा कॉम्प्युटर एका जागी असेल तर त्याला सरळ लॅन केबलच ओढा.

टेलिफोन, यूएसबी, डब्ल्यूपीएस आणि रिकाम्या लॅनचे दिवे बंद असणं अगदी साहजिक आहे. त्यांची तक्रार करू नका.

तांब्याची तार आणि हवेतलं नेट

टेलिफोनच्या तारेवरच्या मोडेममध्ये एलओएस नसतो, डीएसएल नावाचा दिवा असतो. तो स्थिर म्हणजे लाइन जुळली, लुकलुकतोय म्हणजे जुळवायचा प्रयत्न चालू आहे. आधी लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावा. खरखर असेल किंवा टोनच नसेल तर मोडेमचा दोष नाही. फोन आणि मोडेम यांच्यामधली छोटी फिल्टरची डबी काढून मोडेम थेट लाइनला लावून बघा, पावसाळ्यात ती डबी खराब होते.

गच्चीवरच्या अँटेनावाल्या जोडणीत सिग्नलचा दिवा महत्त्वाचा. तो नारिंगी किंवा लाल झाला तर अँटेनाची दिशा हलली आहे का, समोर नवा मजला चढलाय का, गच्चीवरून खाली येणारी केबल माकडांनी ओढलीय का, एवढं बघा. अँटेना स्वतः फिरवू नका.

फोनवर काय सांगायचं

तक्रार करताना पाच गोष्टी सलग सांगा: पॉवर, एलओएस, पॉन, इंटरनेट, आणि शेजाऱ्याचं चालू आहे की नाही. उदाहरणार्थ: "आमच्याकडे पॉवर हिरवा, एलओएस लाल लुकलुकतोय, पॉन बंद, कालपासून. वरच्या मजल्यावर तुमचंच नेट आहे ते चालू आहे. घरातली पिन आणि तार बघितली, ठीक आहे." असा फोन आला की मी थेट लाइनमनला शिडी आणि जोडणीचं मशीन घेऊन पाठवायचो, उलट एकही प्रश्न विचारावा लागायचा नाही. फोन करताना डब्यासमोरच उभे राहा. बाजारात उभं राहून घरातल्या दिव्यांची तक्रार करता येत नाही.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नुसतं "बघतो, पाठवतो" ही तक्रार नोंदवणं नव्हे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत: आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. अपील करताना हाच क्रमांक लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहून वाट बघत बसू नका. गल्लीतल्या छोट्या पुरवठादाराकडे क्रमांक मिळत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार लिहून पाठवा, सोबत दिव्यांचा व्हिडिओ जोडा. तारीख-वेळ आपोआप राहते. नेट किती तास बंद होतं हे दाखवून बिलात सवलत मागायची असेल तर तोच व्हिडिओ पुढे करता येतो.